शून्याव्या सेकंदाची पंगत

गोटीराम भुसारे यांच्याकडे पेठ रोडला पाहुणा गेला, की चहाच्या आधी त्याला गच्चीवर जावं लागतं. तिथे हजार लिटरची काळी टाकी आहे. तशा टाक्या आजूबाजूच्या प्रत्येक गच्चीवर आहेत, पण ही टाकी बोलते, असं गोटीराम सांगतात. पाहुणा मान डोलावतो. मान डोलावल्याशिवाय खाली उतरायला मिळत नाही आणि चहा खाली असतो, हे एव्हाना सगळ्या नातेवाइकांना कळून चुकलं आहे.

गोटीराम मूळचे पेठ तालुक्यातले. आयटीआयमध्ये त्यांनी एकतीस वर्षं वायरमनचा ट्रेड शिकवला. एकतीस वर्षांत एक दिवस उशीर झाला नाही, हे ते सांगतात. एकतीस वर्षांत एक दिवस लवकर सोडलं नाही, हे त्यांचे विद्यार्थी सांगतात. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला की तास सुरू आणि बारावर आला की बंद. पोरं त्यांना माघारी 'टायमर' म्हणायची. गोटीरामांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही.

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांकडे लक्ष द्यायला लागतात, नाहीतर शेजाऱ्यांकडे. गोटीराम व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकले. पत्नी ठमाबाईंनी हरकत घेतली नाही. त्या स्वतः बचत गटाच्या बारा बायका घेऊन लग्नाकार्याच्या जेवणाची कामं करतात आणि दिवसभर घराबाहेर असतात. माणूस कुठे बसलाय हे माहीत असलं म्हणजे त्यांना पुरे होतं.

त्या सुमारास अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली एक छोटी कंपनी निळ्या डब्या विकायला लागली होती. एक डबी टाकीला, एक मोटरला, एक गिझरला. टाकीत पाणी किती, मोटर चालू की बंद, ही खबर डबी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला देते आणि आपण ती फोनवरच्या ॲपमध्ये बघतो. सर्व्हर म्हणजे तरी काय, कुठेतरी लांब ठेवलेला कॉम्प्युटर. गावभरच्या टाक्यांची चौकशी दिवसभर ऐकून घ्यायची आणि उत्तरं द्यायची, एवढंच त्याचं काम. सगळं चांगलं होतं, फक्त एका डबीला एकच फोन जोडता येत असे. गोटीरामांना हे पटेना. टाकी घरातल्या सगळ्यांची, मग खबर एकालाच का?

त्यांनी तळहाताएवढा एक कॉम्प्युटर आणला, घरातली यंत्रं एकत्र सांभाळणारा एक फुकटचा प्रोग्राम त्यावर चढवला आणि त्याला जोडायचा एक तुकडा स्वतः लिहिला. हा तुकडा सर्व्हरला अगदी ॲपच्या आवाजात विचारायचा: टाकीत पाणी किती? सर्व्हरला वाटायचं ॲपच विचारतंय. तो बिचारा उत्तर द्यायचा. त्यावरून ठमाबाईंच्या ओट्यावर एक दिवा लागायचा, टाकी रिकामी होत आली की लाल, भरली की हिरवा. त्या तुकड्याचं नाव गोटीरामांनी 'जोडणी' ठेवलं आणि ज्याला हवा त्याने घ्यावा म्हणून इंटरनेटवर ठेवून दिला.

लोकांनी घेतला. एकाचं बघून दुसऱ्याने घेतला. 'निळी डबी मदत' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, आणि रोज सकाळी सुप्रभातच्या गुलाबांतून लोकांच्या अडचणी वेचून काढणं हे गोटीरामांचं नवं मस्टर झालं. किती घरं वापरतात, असं ठमाबाईंनी एकदा विचारलं होतं. गोटीराम म्हणाले होते, "खूप."

फेब्रुवारीच्या दोन तारखेला कंपनीचा ईमेल आला. खाली सही स्नेहल नावाच्या इंजिनिअरची होती. मजकूर सभ्य होता. आपल्या अनधिकृत जोडणीमुळे आमच्या सर्व्हरवर भार येतो, सकाळी नळाला पाणी यायच्या वेळी तो अडखळतो आणि आमच्याच ग्राहकांचं ॲप गोल गोल फिरत बसतं. तुमची जोडणी ॲपच्या वेशात येत असल्यामुळे त्यातले तुमचे प्रश्न किती आणि आमचे किती हे आम्हाला वेगळं काढता येत नाही. तरी आपली घरं किती आणि भार किती याचा अंदाज कळवावा. तो बघून संचालक निर्णय घेतील. अन्यथा वीस तारखेपासून फक्त नव्या ॲपलाच उत्तर मिळेल, बाकी सगळ्यांना दार बंद.

गोटीरामांनी त्यातला एकच शब्द वाचला. अनधिकृत. पेठ रोडला हा शब्द टपऱ्यांना लावतात आणि त्याच्या मागून जेसीबी येतो. एकतीस वर्षं ज्याची सही मस्टरवर सगळ्यात वर असायची, त्याला असं म्हणावं? दोन दिवस जेवताना दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या दिवशी ठमाबाई हातात पोळी धरून थांबल्या. दुसऱ्याच्या नळावर त्याच्याच घरच्यासारखा आवाज काढून हंडा भरणाऱ्याला काय म्हणतात ते आधी सांगा, मग वाढते, असं त्या शांतपणे म्हणाल्या. गोटीरामांनी ती पोळी स्वतःच वाढून घेतली.

शब्दाचा राग ओसरल्यावर मग त्यांना तारीख दिसली, आणि तारखेबरोबर भागीबाई.

पेठच्या पुढे डोंगरावर एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. भागीबाई तिथे सत्तर मुलींचा स्वयंपाक करतात. टाकी वर, विहीर खाली ओढ्याजवळ आणि मोटर विहिरीवर. पूर्वी भात अर्धा शिजला असताना नळ कोरडा पडायचा. मग गॅस बारीक करून भागीबाई डोंगर उतरायच्या, मोटर लावायच्या आणि पुन्हा चढायच्या. संस्थेने डब्या बसवल्या, पण ॲप गेलं अधीक्षकांच्या फोनवर, आणि अधीक्षक आठवड्यातले तीन दिवस तालुक्याला मीटिंगमध्ये. शेवटी गोटीरामांनी स्वतः जाऊन जोडणी बसवली. स्वयंपाकघरात लाल दिवा आणि त्याच्या खाली एक मोठं बटण. दिवा लागला की बटण दाबायचं, खाली मोटर सुरू होते. ते बटण आता कायम पिठाने पांढरं असतं.

गोटीरामांनी फोन करून सांगितलं, की वीस तारखेनंतर दिवा बंद पडू शकतो.

"म्हंजे मी परत उतरायचं का खाली?"

गोटीराम म्हणाले, बघतो काय करता येतं.

"बघतो नका सांगू, दादा. बघतो म्हणणारे लय पाह्यले मी. दिवा राहतो का जातो, येवढं सांगा."

फोन ठेवल्यावर त्यांनी नवी वही काढली, पट्टीने समास आखला आणि वर लिहिलं: 'एकूण भार.'

आता घरं किती हे कळायला काय करावं? लोकांनाच विचारावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी एक फॉर्म बनवला आणि ग्रुपवर टाकला. जोडणी वापरणाऱ्या प्रत्येक घराने नाव नोंदवावं, अत्यंत महत्त्वाचं.

'नाव नोंदवावं' आणि 'अत्यंत महत्त्वाचं' हे दोन शब्दप्रयोग एकत्र आले, की काहीतरी वाटप होणार आहे हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही कळतं. वणीला दिनेश म्हणून त्यांचा जुना विद्यार्थी इलेक्ट्रिशियनची कामं करतो. त्याने स्वतःचं घर नोंदवलं, भावाचं नोंदवलं, सासुरवाडीचं नोंदवलं आणि सुरतच्या मेव्हण्याचंही नोंदवलं, कारण मेव्हणा दिवाळीपर्यंत डबी घेईल असं त्याला मनापासून वाटत होतं. एका गृहस्थांनी सोसायटीचे अठ्ठेचाळीस फ्लॅट घातले. चेअरमन विचार करतो म्हणाले होते, तेवढं त्यांना पुरलं. एकाने वडिलांच्या नावाने नोंद केली. वडील वारून पाच वर्षं झाली होती, पण टाकी अजून त्यांच्याच नावावर होती. मेसेज पुढे कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला. आधार कार्डाची झेरॉक्स लागेल का, असंही तिघांनी विचारलं.

चार दिवसांत दोन हजार नऊशे चौदा घरं झाली.

गोटीरामांनी आकडा बघितला आणि खुर्चीत जरा ताठ बसले. खूप म्हणत होतो ते काही उगाच नव्हतं. मग त्यांनी वहीत हिशेब मांडला. घरटी तीन डब्या, प्रत्येक डबीमागे मिनिटाला एक प्रश्न, दिवसाची चौदाशे चाळीस मिनिटं. उत्तर आलं दिवसाला सव्वा कोटी प्रश्न. त्यांनी त्याच्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या आणि आकडा कंपनीला कळवून टाकला. खरं बोलण्यात कसली भीती?

दुसऱ्या दिवशी स्नेहलचा फोन आला. आवाज लहान मुलीसारखा होता, पण बोलणं जपून.

"सर, एक विचारू का? आम्ही आजपर्यंत सगळ्या मिळून सहा हजार डब्या विकल्यात, दोन हजार घरांत. तुमच्या यादीत दोन हजार नऊशे घरं कुठून आली?"

गोटीरामांनी वही पुढे ओढली.

शिवाय सर्व्हरला सगळ्यांचे मिळून दिवसाला पंचेचाळीस लाख प्रश्न येतात, त्यात तुमचे सव्वा कोटी बसवायचे कसे, हेही तिने विचारलं. ती हसत नव्हती. हसू किती कष्टाने आवरलं आहे, हे मात्र फोनवरूनसुद्धा कळत होतं. संचालकांनी आकडा बघितला होता, असं तिने सांगितलं. ज्याला आपली माणसं मोजता येत नाहीत त्याच्यासाठी आपण दार का उघडं ठेवायचं, असं ते म्हणाले होते. वीस तारीख कायम.

फोन झाल्यावर गोटीराम बराच वेळ वहीतल्या त्या दोन रेघांकडे बघत बसले. वर्गात त्यांचा एक नियम होता, मीटर लावल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. किती व्होल्ट आहे हे विचारल्यावर जो पोरगा तोंडाने सांगायचा, त्याचे ते निम्मे गुण कापत. आता त्यांनी स्वतःच दोन हजार नऊशे चौदा जणांना तोंडाने विचारलं होतं. दिनेशचा मेसेज आला, सर, वाटप कधी आहे?

रविवारी म्हसरूळच्या एका लॉन्सवर साखरपुडा होता आणि जेवण ठमाबाईंच्या गटाकडे होतं. पुरी, वांग्याची भाजी, मसालेभात, बुंदी. यजमानांनी तीनशे पानं सांगितली होती. अकरा वाजता ठमाबाईंनी नेहमीप्रमाणे गोटीरामांना दारात पाठवलं.

हे काम ते चार वर्षं करत होते आणि त्याबद्दल बाहेर कुणाकडे बोलत नव्हते. मांडवाच्या दारात जाऊन चपला मोजायच्या. मोठे जोड एका रकान्यात, लहान मुलांचे दुसऱ्या रकान्यात, दोन लहान मिळून एक पान. आल्या आल्या काढलेले आणि कोपऱ्यात नीट लावून ठेवलेले जोड बँडवाल्यांचे, ते वेगळे. गोटीराम वही घेऊन उभे राहिले की नवी माणसं त्यांना चपला सांभाळणारा समजून टोकन मागत. आज तीनशे सत्त्याऐंशी पानं भरली.

त्यांनी आत येऊन सांगितलं. ठमाबाईंनी आणखी एक पातेलं भात चढवायला सांगितला. आज गोटीरामांचा मूड मुळातच गेलेला होता. यजमान स्वतः तीनशे म्हणतायत, त्यांच्या तोंडावर विश्वास नाही का, असं ते पुटपुटले.

"त्यांना विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं," ठमाबाई म्हणाल्या. "माणसाला विचारलं की तो मनातला आकडा सांगतो. चपलेला कोण विचारतंय? ती आपली दारात असते."

गोटीराम वही हातात घेऊन तिथेच उभे राहिले. एका बाईने त्यांना जरा बाजूला व्हा म्हणून सांगितलं, तरी हलले नाहीत. आपल्या जोडणीच्या दारात चपला कुठे निघतात? आणि मग त्यांना आठवलं. रोज सकाळी सहा वाजता प्रत्येक घरातली जोडणी त्यांच्या इंटरनेटवरच्या पानाकडे एकदा येऊन जाते. सरांनी काही नवीन केलंय का, एवढं बघते आणि परत जाते. त्यासाठी तिथे ठेवलेली फाईल दिवसात किती वेळा उघडली गेली, याचा आकडा त्याच पानावर खाली बारीक अक्षरात येतो. दीड वर्ष तो आकडा तिथे होता. गोटीराम त्या पानावर रोज जात होते, वरचे कौतुकाचे अभिप्राय वाचायला.

त्यांना तेव्हाच घरी जायचं होतं, पण ठमाबाईंनी हातात बुंदीची बादली दिली. कारण बाहेर वेगळाच घोळ झाला होता. मुलीचे मामा वेळेचे पक्के. साडेबारा म्हणजे साडेबारा, सगळे एकदम बसतील, उगाच ताटकळत ठेवायचं नाही, असं त्यांनी परस्पर जाहीर केलं होतं. हिरवळीवर सतरंज्या पसरल्या गेल्या आणि सगळीच्या सगळी माणसं एकाच पंगतीला बसली. गोटीरामांना मामांचा वक्तशीरपणा मनापासून आवडला होता.

वाढायला बायका सात. पहिल्या रांगेला पुरी मिळाली तेव्हा शेवटच्या रांगेला मीठसुद्धा पोचलं नव्हतं. भाजी पोचली तिथे भात नाही, भात पोचला तिथे पाणी नाही. सात बायका पळून पळून लाल झाल्या. जेवण कमी पडलं, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते बोलणं सगळ्या पंगतीत भाजीच्या आधी पोचलं. वीस मिनिटांनी सगळी माणसं तृप्त होऊन उठली, आणि सातही बायका पदराने वारा घेत रिकाम्या बसून राहिल्या. दोन पातेली भात तसाच उरला होता.

ठमाबाई संतापल्या होत्या. "अन्न कमी नव्हतं. हात कमी होते. तीन पंगती केल्या असत्या तर ह्याच सात जणींनी हजार माणूस जेवू घातलं असतं. कुणी सांगितलं होतं सगळ्यांना एका ठोक्याला बसवायला?"

गोटीराम सतरंजीच्या मधोमध बादली घेऊन थांबले. एक उशिराने आलेले आजोबा जेवत होते. त्यांनी दोनदा बुंदी मागितली आणि शेवटी स्वतःच बादलीत हात घातला. गोटीरामांचं लक्ष लॉन्सच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. सेकंदकाटा बाराकडे चालला होता.

जोडणी लिहिताना त्यांनी एक ओळ फार प्रेमाने लिहिली होती. प्रश्न विचारायचा तो मिनिटाच्या शून्याव्या सेकंदाला. एक सेकंद आधी नाही, एक सेकंद नंतर नाही. म्हणजे नोंदी कशा स्वच्छ राहतात, एकाखाली एक. ती ओळ त्यांनी ग्रुपवर कौतुकाने दाखवलीही होती. आणि ती ओळ आता कितीतरी घरांत, प्रत्येक डबीमागे, सगळीकडे त्याच ठोक्याला चालत होती. मामा आपणच, हे गोटीरामांच्या ध्यानात आलं.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल न काढताच कॉम्प्युटर लावला. गेल्या आठवड्याचे, सोमवार ते शुक्रवारचे आकडे: चारशे अठरा, चारशे नऊ, चारशे एकतीस, चारशे बारा, चारशे आठ. मधेच चारशे एकतीस कुठून आले? बुधवारी पेठ-सुरगाण्याकडे दोनदा वीज गेली होती. वीज आली की जोडणी पुन्हा जागी होते आणि पुन्हा दारात येऊन जाते. म्हणजे काही जणांनी दोनदा चपला काढल्या. ते वजा. गोटीरामांनी लिहिलं, चारशे दहा, अंदाजे. 'अंदाजे' हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिला होता. घरटी तीन डब्या स्नेहलच्याच आकड्यांवरून निघत होत्या. म्हणजे बाराशे तीस प्रश्न मिनिटाला, पावणेअठरा लाखांच्या आसपास दिवसाला. या वेळी त्यांनी खाली एकही रेघ मारली नाही.

सोमवारी त्यांनी स्नेहलला फोन केला. आधी त्या यादीबद्दल माफी मागितली. मग नवा आकडा सांगितला आणि तो कसा काढला तेही सांगितलं, चपलांसकट. मग ते म्हणाले, की आता तुम्ही मीटर लावून बघा. सर्व्हरला दर सेकंदाला किती प्रश्न येतात?

आमचा आलेख मिनिटाचा आहे, असं ती म्हणाली. मिनिटाला तीन हजार शंभरच्या आसपास, रेघ एकदम सरळ. म्हणून तर सर्व्हर का अडखळतो ते आमच्या लक्षात येत नाही.

"रेघ सरळच दिसणार," गोटीराम म्हणाले. "पंगत उठल्यावर फोटो काढला तर सगळे जेवलेलेच दिसतात. कुठलंही एक मिनिट घ्या आणि त्याचे साठ सेकंद सुटे करा."

कीबोर्डचा आवाज आला.

"काका," स्नेहल म्हणाली. सर गेले आणि काका आले, हे गोटीरामांनी टिपलं. "शून्याव्या सेकंदाला बाराशे अठ्ठेचाळीस आहेत. पुढच्याला तीस. मग बत्तीस, एकतीस, तीस. शेवटपर्यंत असंच."

गोटीरामांनी वहीत वजाबाकी केली. बाराशे अठ्ठेचाळीस, त्यातले एकतीस कंपनीचे नेहमीचे. उरले बाराशे सतरा. अंदाज तेराने चुकला होता. वर्गात त्यांनी एवढ्या चुकीला पूर्ण गुण दिले असते.

सर्व्हर एका सेकंदाला किती जणांना वाढू शकतो, असं त्यांनी विचारलं. चारशे आरामात, ती म्हणाली, आणि मग हळूच विचारलं, हा शून्याव्या सेकंदाचा नियम कुणी केला?

"मी."

"का?"

"शिस्त," गोटीराम म्हणाले, आणि पलीकडे इतके दिवस आवरलेलं हसू अखेर सुटलं. हे गोटीरामांना लागलं नाही असं नाही, पण तारीख सोळा होती.

बदल लहान होता. प्रत्येक डबीवर एक नंबर असतो. त्याला साठने भागायचं, आणि जी बाकी उरेल त्या सेकंदाला त्या डबीने विचारायचं. साठ पंगती. प्रत्येक पंगतीला वीस-एकवीस पानं. त्यांनी तो लिहिला, दोनदा तपासला, पानावर ठेवला आणि ग्रुपवर समजावून सांगितलं, की पाण्याची खबर सगळ्यांना पूर्वीसारखीच मिनिटाला एकदा मिळेल, फक्त प्रत्येकाचा सेकंद वेगळा असेल.

सगळ्यांना एवढंच समजलं, की कुणीतरी पहिलं असणार आहे. दिनेशने ताबडतोब शून्यावा सेकंद मागितला, जुना विद्यार्थी म्हणून. सोसायटीवाल्या गृहस्थांना अठ्ठेचाळीस फ्लॅटना लागोपाठ जागा हवी होती. आमचा एकावन्नावा लागलाय, आमच्यावरच अन्याय का, असं एकाने विचारलं. पाणी किती आहे हे विचारायलाही रांगेत पुढे उभं राहायचं, ही आपली सवय काही सुटत नाही. गोटीरामांनी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं, की डबीचा नंबर कंपनीने दिलाय, त्यांना विचारा.

सतरा तारखेला सकाळी सहा वाजता जोडण्या दारात आल्या, नवी फाईल घेऊन गेल्या. सव्वासहाला स्नेहलने एक चित्र पाठवलं. काल जिथे एक उंच खांब होता, तिथे आता कुंपणाच्या बुटक्या, एकसारख्या काठ्या दिसत होत्या. त्या सकाळी नळाला पाणी आलं, कंपनीच्या ग्राहकांनी ॲप उघडलं आणि ते गोल फिरत बसलं नाही. संचालकांनी एकोणीस तारखेला निर्णय कळवला. दार उघडं राहील. एकच अट, जोडणीने यापुढे ॲपचा आवाज काढायचा नाही, आपलं नाव सांगून विचारायचं. ईमेलमध्ये तिचा उल्लेख 'परवानगी असलेली अनधिकृत जोडणी' असा होता. गोटीरामांनी तो ठमाबाईंना वाचून दाखवला, पहिले दोन शब्द मोठ्याने आणि तिसरा जरा घाईने.

वीस तारीख उजाडली. गोटीराम सकाळपासून फोन जवळ घेऊन बसले होते. नाव सांगून विचारण्याचा बदलही पोचला होता, आलेख ठीक होता, पण पेठच्या डोंगरावर त्या स्वयंपाकघरात काय झालं असेल? भागीबाई सांगतील म्हणून त्यांनी वाट बघितली. नऊ वाजले, बारा वाजले. तीन वाजता त्यांना वाटलं, बाई रागाने खाली उतरल्या असणार, म्हणून फोन नाही. पाच वाजता त्यांनी स्वतःच लावला.

मागे भांड्यांचा आवाज येत होता. दिवा लागला का, असं गोटीरामांनी विचारलं.

"लागला की. सकाळीच लागला. मोटर लावली, पाणी आलं."

मग फोन का नाही केला?

"त्यात फोन कशाला करायचा, दादा?" भागीबाई खरोखरच न समजून म्हणाल्या. "पाणी नाय आलं तर करायचा ना. ठेवा आता, भात हाय वर."

त्यांनी फोन ठेवला. गोटीरामांनी वही काढली, तारीख टाकली आणि काय लिहावं हे न सुचून ती मिटून ठेवली.

ठमाबाई कामावरून आल्या तेव्हा ओट्यावरचा दिवा हिरवा होता. आपल्या टाकीला कितवी पंगत, त्यांनी विचारलं. डबीच्या नंबराप्रमाणे बाविसाव्या सेकंदाची येत होती, पण गोटीरामांनी एवढ्या एका घरासाठी नियम मोडून एकोणसाठाव्या सेकंदाची, म्हणजे शेवटची लावली होती. घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात, हे काय त्यांना सांगायला हवं होतं? उशीर कुणालाच होत नाही, प्रत्येकाला मिनिटाला एकदाच कळतं, हे ते पट्टी घेऊन समजावून सांगायला निघाले होते. ठमाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, की ह्या महिन्यात गच्चीवरून पाणी वाहिलं, तर पहिल्या पंगतीतल्या कुणाला पुसायला बोलवायचं तेवढं ठरवून ठेवा.

आणि त्यांनी दोन पानं घेतली.